मार्डेल ते शॅप : मयतीच्या जुन्या वाटेनं एकटीला चालायचंय, कोणी गेलंय का?

मोजणीवाली_ताई (नागपूर)

नमस्कार मंडळी.

मी प्रतापनगरची. सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, आता निवृत्त. लेक इंग्लंडमध्ये लँकेस्टरला असते. नातू लहान आहे, म्हणून यंदा ऑगस्ट-सप्टेंबर माझा मुक्काम तिकडंच. लेक-जावई मला लेक डिस्ट्रिक्ट दाखवणार, बोटीत बसवणार, फोटो काढणार. ते सगळं आनंदानं करीन. पण एक दिवस मला माझा पाहिजे, त्या दिवसासाठी विचारून राहिली आहे.

मागच्या दिवाळीत जावयानं येताना ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा आणला, १:२५,००० चा. लोकांचे जावई साड्या आणतात, आमच्या जावयाला सासू कळली आहे. त्या नकाशात हॉजवॉटर तलावाच्या पूर्व काठावरून एक हिरवी तुटक रेघ डोंगर चढते आणि पलीकडं स्विनडेल नावाच्या दरीत उतरते. तिच्यावर लिहिलंय ‘ओल्ड कॉर्प्स रोड’, म्हणजे मयत न्यायची वाट.

वाचलं ते असं, की मार्डेल हे दरीतलं बारकं गाव. गावात प्रार्थनेपुरतं चर्च होतं, पण पुरायचा हक्क शॅपच्या मोठ्या चर्चकडं. गावात कोणी गेलं की मयत घोड्याच्या पाठीवर बांधायची आणि डोंगर ओलांडून शॅपला न्यायची. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. शेवटची मयत या वाटेनं १७३६ मध्ये गेली. पुढं मार्डेलच पाण्याखाली गेलं. मँचेस्टरला पाणी पाहिजे होतं, १९१९ मध्ये कायदा झाला, १९२९ मध्ये धरणाचं काम सुरू झालं आणि तलावाची पातळी सुमारे २९ मीटरनं चढवली.

नोकरीत मी गावोगावचे स्मशानाकडं जाणारे रस्ते मोजले आहेत. दोन भावांच्या मधे उभं राहून साखळी ओढली आहे. शेजाऱ्याच्या बंडीला बांधावरून जाऊ न देणारा माणूस मयतीसाठी मुकाट कुंपण उघडतो, हेही पाहिलं आहे. म्हणून ही वाट मला नुसती नकाशात पाहायची नाही, चालून पाहायची आहे.

गुडघे बरे आहेत. नागद्वारची यात्रा भर पावसात केली आहे, चौरागडाच्या पायऱ्या चढले आहे. पण तिथं पुढं-मागं हजार माणसं असतात आणि “हर हर महादेव” ऐकू येत राहतं, इथं कोणीच नसणार. तर वाट सापडते का, चिखल किती, कोणत्या बाजूनं सुरुवात करावी आणि शॅपला पोचल्यावर परत यायची सोय काय, एवढं सांगा. नकाशा आणि होकायंत्र मला कळतं. भुताचं सांगायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथंही येऊन वाचीन.

प्रेस्टन_रिटर्न (मनीषनगर)

ताई, मी गेलोय, आणि एकटाच. नोकरीपायी काही वर्षं प्रेस्टनला होतो, तेव्हा शनिवार-रविवार दुसरं काम नव्हतं.

आधी दिशा. मार्डेलकडून शॅपकडंच जा. एक तर चढ सुरुवातीलाच संपतो. दुसरं, शॅप हे हमरस्त्यावरचं गाव आहे, तिथं चहा, चिप्स, राहायची खोली, बस सगळं मिळतं. मार्डेलच्या टोकाला गाडीतळ आहे आणि डांबरी रस्ता तिथंच संपतो. संध्याकाळी दमून तिथं उतरलात तर पुढं काय, हा प्रश्न उरतो. लँकेस्टरहून पेनरिथला थेट रेल्वे आहे, पेनरिथहून टॅक्सी करा. परतीला शॅपहून पेनरिथची बस असते, पण फेऱ्या मोजक्या. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा आणि रविवारच्या भरवशावर राहू नका.

गाडीतळापासून तलावाच्या काठानं रस्त्यानंच साधारण दीड किलोमीटर मागं या, उजव्या हाताला पाटी दिसते. तिथून ओढ्याच्या कडेनं नागमोडी चढ आहे, दीड किलोमीटरच्या आत सुमारे अडीचशे मीटर. चढ संपत आला की दगडी खोपटांचे पडके अवशेष लागतात. तिथं बसा, पाणी प्या, मागं वळून तलाव पाहून घ्या, कारण पुढं तो दिसत नाही.

खरी परीक्षा त्याच्या पुढं आहे. माथा म्हणजे सुळका नाही, पसरट गवताळ माळ आहे, उंची पाचशे मीटरच्या आसपास. उजेड असला तर काहीच अवघड नाही, अधूनमधून लाकडी खुंट आहेत. पण ढग खाली आला की पुढचा खुंट दिसत नाही आणि मेंढ्यांच्या वाटा खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. तुम्हाला होकायंत्र येतं म्हणता, मग निम्मं काम झालंच. खोपटांपाशी थांबून स्विनडेल हेडची दिशा लावून घ्या, साधारण पूर्व-ईशान्य. मोबाईलला त्या भागात रेंज धरूच नका.

चिखलाचं विचाराल तर तिथली माती पीटची, पाणी धरून बसणारी. हिरवंगार शेवाळ दिसलं की त्यावर पाय देऊ नका, गुडघ्यापर्यंत जाल. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट या वस्तीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या नागपूरचा हजार-अकराशेचा हिशेब तिथं चालत नाही. सुती कपडे, जीन्स घालू नका. ओली झाली की वाळत नाही आणि वाऱ्यात थंडी हाडात जाते. छत्री घरी ठेवा, वारा ती उलटी करून देतो. हिरव्या नेच्यातून चाललात तर संध्याकाळी पाय तपासा, गोचीड चावते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो.

वेळेसाठी नेस्मिथचा नियम आहे, ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्तीचा. त्या हिशेबानं तीन तासांत होतं. हा नियम १८९२ मध्ये एका तगड्या स्कॉटिश माणसानं केला, तुम्ही पाच तास धरा. शिट्टी सोबत ठेवा. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. फोन लागला तर ९९९, आधी पोलीस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू म्हणायचं. ते लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगतोच, कारण ती नकाशात सापडत नाही. धरण व्हायच्या आधी मार्डेलच्या चर्चच्या आवारातली थडगी उकरली. सत्त्याण्णव जणांचे अवशेष निघाले. ते कुठं नेले? शॅपला. गावानं स्वतःच्या मातीत पुरायचा हक्क मिळवून दोनशे वर्षं झाली होती, आणि मेलेले पुन्हा शॅपलाच गेले. मला तिथल्या सगळ्या भूतकथांपेक्षा हे जास्त लागलं.

सोपी वाट पाहिजे असेल तर आधी ॲम्बलसाइड-रायडल-ग्रासमिअरची कॉफिन रूट करा, मुलीला अन् नातवालाही घेऊन. सावली आहे, माणसं आहेत, वाटेत शवपेटी टेकवायचा सपाट दगड आहे. केंडलहून ५५५ नंबरची बस जाते. पण एक दिवस स्वतःचा पाहिजे असेल तर मार्डेलच.

शोभाकाकू_सदर

बाई गं, एकटी काहून जाते? लेकीला सोबत ने ना. अन् जायचंच असंल तर अमावास्या पाहून जाजो बापा. आम्ही घाटावरून आलो की आंघोळ करून कडुनिंबाचा पाला चावतो, अन् तू सुट्टी काढून मयतीच्या रस्त्यानं फिराले चालली!

बर्डीचा_बंड्या

काकू, १७३६ नंतर तिथून मयतच गेली नाही. तेवढ्या वर्षांत सुतक फिटलं असंल.

भूत नाही पण एक दंतकथा आहे, वॉसडेलहून एस्कडेलला जाणाऱ्या अशाच वाटेची. बर्नमूरच्या माळावर धुक्यात एका पोराची शवपेटी घेऊन चाललेला घोडा बिथरून पळाला. त्या धक्क्यानं आई गेली. तिची पेटी नेताना तिथंच तिचाही घोडा पळाला. शोधायला गेलेल्यांना एक घोडा सापडला, त्याच्या पाठीवर पोराची पेटी होती. आईचा घोडा काही सापडला नाही म्हणतात. ताई, तुमची वाट ही नव्हे, तेव्हा निर्धास्त जा.

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा, सध्या नागपूर)

ताई, तुमचा धागा वाचला अन् लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या पाण्यात गेलं. धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं, राजीव गांधी आले होते. पाणी अडलं त्याच्या कितीतरी वर्षांनी. तोवर एक पिढी “जाणार, जाणार” म्हणतच म्हातारी झाली.

जुन्या गावातून घाटाकडं जायची वाट ठरलेली होती. मारुतीपासून निघायचं, चिंचेखाली विसावा. तिथं तिरडी टेकवायची, खांदेकरी बदलायचे, पुढचे मागं अन् मागचे पुढं. तिथून उतार लागला की वैनगंगा. लहानपणी आम्हाला त्या चिंचेखाली खेळू देत नसत, म्हणून आम्ही तिथंच खेळायचो.

नवं गाव उंचावर वसवलं. घरं सरळ रेषेत, गल्ल्यांना नंबर, स्मशानाला पत्र्याचं शेड. सगळं दिलं म्हणा. पण नदीशी जायची वाट काही दिली नाही. माझी आजी गेली तेव्हा तिचा हट्ट होता, मला पाण्याकाठी न्या. नेली. ट्रॅक्टरवर, तीन जणांच्या शेतातून, धुऱ्यावरून. दोघांनी काहीच म्हटलं नाही. तिसऱ्यानं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, आज दिली वाट, पण याचा रस्ता करू नका.

त्या तिसऱ्या माणसाचा मला राग नाही. तुम्ही मोजणीतल्या आहात म्हणून विचारतो, मयत गेली म्हणून वाट हक्काची होते का? आमच्याकडं म्हातारे तसं म्हणतात.

मोजणीवाली_ताई

प्रेस्टनदादा, एवढं बारकाईनं लिहिलंत, छापून घेतलं आहे. काकू, लेकीला सांगून जाईन, अमावास्येचं मात्र बोलणार नाही.

वैनगंगाभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नीटच देते. होत नाही. गंमत म्हणजे इंग्लंडातही लोक शेकडो वर्षं हेच धरून चालले, की प्रेत ज्या वाटेनं गेलं ती वाट कायमची सार्वजनिक झाली. तिथल्या जमीनमालकांना म्हणे त्याची धास्ती असायची. कायद्यात त्याला आधार तिथंही नाही आणि इथंही नाही. तिथं १९८० च्या हायवेज ॲक्टात लोकांनी वीस वर्षं उघडपणे, बिनअडथळा वापरलेली वाट पाहतात. आपल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही वीसच वर्षं आहेत. एका मयतीनं काही होत नाही, वर्षानुवर्षांच्या वहिवाटीनं होतं.

पण आपल्या विदर्भात एक वेगळी गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावी लागते. आपण जुन्या मध्य प्रांतातले. आपल्याकडं गावोगावचं निस्तार पत्रक आहे आणि वाजिब-उल-अर्ज आहे, महसूल संहितेचं कलम १६१ आणि १६५. निस्तार पत्रकात गावाच्या सामाईक जमिनीवर गुरं कुठं चारायची, सरपण कुठून आणायचं असल्या गोष्टी लिहिलेल्या. वाजिब-उल-अर्जमध्ये रूढी, म्हणजे वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क, मासे धरायचा हक्क. तुमच्या जुन्या गावाचे कागद पाण्यात गेलेले नसतात. घाटाची वाट त्यात लिहिलेली असू शकते.

तिसऱ्या शेतकऱ्याचं म्हणणं मलाही पटतं. रडणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि एकदा हो म्हटलं की उद्या मोजणीवाले येतात.

मोजणीवाली_ताई

मंडळी, जाऊन आले. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. जरा सविस्तर लिहिते.

टॅक्सीवाला पेनरिथचाच होता. मार्डेल म्हटल्यावर म्हणाला, उन्हाळा कडक असता तर गाव दिसलं असतं. दुष्काळात पाणी उतरलं की जुन्या भिंती अन् पूल वर येतात. १९८४, १९९५, अलीकडं २०२२, तेव्हा लोक गाड्या भरभरून पाहायला आले. यंदा तलाव भरलेला होता. दिसलं एवढंच की डोंगरावरून उतरणाऱ्या दगडी भिंती पाण्यापाशी थांबत नाहीत, सरळ आत जातात. नकाशा काढणाऱ्या माणसाला ते पाहवत नाही. हद्द आहे, पण तिच्या दोन्ही बाजूंना पाणीच.

चढ प्रेस्टनदादांनी सांगितला तसाच. पण एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही, ती माझ्या डोळ्यात आधी भरली. वाटेचा उतार कुठंही एकदम बदलत नाही. डोंगर मधेच उभा होतो, तर वाट तिथं आडवी होते, वळण घेते आणि पुन्हा तोच उतार धरते. पाठीवर आडवं ओझं बांधलेल्या जनावरासाठी आखलेली वाट आहे ही. प्रेत दोरांनी बांधलेलं, जीन घसरून चालणार नाही, जनावर बिथरून चालणार नाही. ना लेव्हल, ना थिओडोलाइट, तरी असा सारखा उतार आखणं मी हाताखालच्या पोरांकडून कागदावरसुद्धा करून घेऊ शकले नव्हते. हल्ली त्या वाटेनं सायकलवाले खाली येतात. एक जण भर्रकन गेला, ‘सॉरी’ म्हणत.

वर पडकी खोपटं लागली. तिथं तिखट-मिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. खोपटं पीट ठेवायची होती म्हणतात. पीट म्हणजे माळावरची कुजलेल्या गवता-शेवाळाची माती, खणायची, वाळवायची आणि चुलीत जाळायची. म्हणजे याच वाटेनं सरपण खाली यायचं आणि मेलेली माणसं वर जायची. मला तर हे निस्तार पत्रकाचंच पान वाटलं. सगळे ‘मयतीची वाट, मयतीची वाट’ करतात, पण वर्षातून एखादी मयत गेली असेल तर असेल. वाट राहिली ती सरपणानं, मेंढरांनी, बाजाराला जाणाऱ्या पायांनी. मयतीनं तिला नाव दिलं, एवढंच.

समोर हाय स्ट्रीट नावाच्या डोंगराचा लांबलचक कणा होता, उंची ८२८ मीटर. त्याच्या माथ्यावरून रोमनांचा रस्ता गेलेला आहे. एवढ्या उंचीवरून रस्ता नेणारे रोमन आणि पोटावरून वाट काढणारे मार्डेलचे शेतकरी, या दोघांत मला शेतकऱ्यांची आखणी आवडली. सैन्याला चढाची फिकीर नसते.

माळावर ढग आलाच. आधी हाय स्ट्रीट गेला, मग मागचा डोंगर, मग मी ज्या खुंटाकडं चालले होते तो. वारा मात्र चालू. दिशा लावून ठेवली होती. होकायंत्र हातात धरून पावलं मोजत गेले, शंभर झाली की एक खडा या खिशातून त्या खिशात. ही सवय नोकरीतली. भीती वाटली का? वाटली, पण मयतीची नाही. कान फसवत होते. ओढ्याचा आवाज डाव्या हाताला होता, तो मधेच समोरून यायला लागला. अशा वेळी कानाचं ऐकायचं नाही, सुईचं ऐकायचं. एक मेंढी अगदी जवळ खोकली, माणसासारखी. त्या क्षणी मी शोभाकाकूंची आठवण काढली, खोटं कशाला बोलू.

मग जमीन पायाखाली उतरायला लागली आणि ढगाच्या खालच्या काठातून स्विनडेल एकदम दिसलं. दगडी भिंती, एक फार्म, आणि दरीच्या तळाशी ओढा. हा ओढा पूर्वी कधीतरी शेतीसाठी सरळ केला होता. २०१६ मध्ये त्याला पुन्हा वळणं काढून दिली आणि काही महिन्यांत सामन मासे अंडी घालायला परतले. माझ्या सगळ्या नोकरीत नाला सरळ करायचे अर्ज आले, वाकडा करायचा एकही नाही.

स्विनडेलनंतर शांत डांबरी गल्ली आहे, मग ओढा ओलांडून टेलबर्टच्या फार्मकडं पुन्हा चढ. ताजी माणसं हा चढ मोजत नाहीत, मला तो मोजावा लागला. पुढं केल्ड नावाची वाडी, तिथं छोटं दगडी चॅपल, आणि मग शॅप. अर्धा तास आधीपासून मोटरवेचा आवाज यायला लागतो. वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

शॅपला चर्चच्या आवारात गेले. मार्डेलचे ते सत्त्याण्णव इथं आणले. मार्डेलच्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना १८ ऑगस्ट १९३५ ला झाली. इमारत छोटी, आत मावतील तेवढेच बसले, बाकी लोक बाहेर उभे. त्यानंतर चर्च पाडलं. त्याचे दगड तलावातल्या पाणी सोडायच्या बुरुजाला लावले असं सांगतात. मी येताना तो बुरूज टॅक्सीतून पाहिला होता, लहानशा किल्ल्यासारखा दिसतो.

एक सांगते. पुरायचा हक्क शॅपला का होता? कारण मोठ्या चर्चला दफनाचं शुल्क मिळायचं, मान मिळायचा, आणि तो सहजी कोणी सोडत नाही. म्हणजे ही सगळी डोंगरवाट एका मामुली महसुली कारणानं झाली. धुकं, घोडे, कथा, सगळं त्याच्यावर नंतर चढलं. मी खात्यातली असल्यानं मला हे पटायला वेळ लागला नाही.

बस वेळेवर आली. पाच तासांपेक्षा जरा जास्तच लागले, त्यातला बराच वेळ माझ्या भिंती पाहण्यात गेला.

प्रेस्टन_रिटर्न

ताई, खडा एका खिशातून दुसऱ्यात, हे मी आता प्रत्येकाला सांगणार. उताराचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी चढताना फक्त धापा टाकत होतो. बूट कोणते होते?

मोजणीवाली_ताई

घोट्यापर्यंतचे, जलरोधक, लेकीनं तिथंच घेऊन दिले. नागपुरात घेऊ नका, इथं ते घालून सरावायला चिखल मिळत नाही. सराव मात्र इथंच झाला. सेमिनरी हिल्सला रोज, आणि रामटेकला मंदिराच्या पायऱ्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. फुलं विकणाऱ्या बायांना वाटायचं मी नवस फेडते आहे.

वैनगंगाकाठ

ताई, पूर्ण वाचलं. त्या सत्त्याण्णव जणांना न्यायच्या आधी घरच्यांना विचारलं होतं का, हे माझ्या मनात राहून राहून येतं. आमच्या घाटावर तर काढून न्यायला काही नव्हतंच, राख पाण्यातच गेलेली.

तुम्ही म्हणता ते निस्तार पत्रक अन् वाजिब-उल-अर्ज कुठं मिळतं? मामाला घेऊन जायचं म्हणतो.

मोजणीवाली_ताई

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात साध्या कागदावर नकलेचा अर्ज द्या. गावाचं जुनं नाव, तालुका, आणि असला तर घरचा कुठलाही जुना खसरा नंबर लिहा. गाव बुडीत आहे म्हणून कागद नाही असं कोणी म्हटलं तर तेवढंच लेखी मागा. जुना गाव नकाशा वेगळा असतो, तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मिळेल, त्याचीही नक्कल काढा. घाटाची वाट त्यात बहुतेक दोन तुटक रेघांनी दाखवलेली असेल. मामा सोबत असतील तर विसाव्याची चिंच कुठं होती ते त्यांच्याकडून पेन्सिलीनं खूण करून घ्या. नकाशा माझ्याकडं आणा, आजच्या मोजणीवर बसवून देते. त्या तीन शेतांतून वाट जाते की बाजूनं, ते तरी कळेल.